बालवाडीची मोरी

वसंत ऋतूतल्या संध्याकाळी, हातात गजरे आणि पंखे घेऊन आलेल्या श्रोत्यांपुढे संडास-मोरीचा विषय काढावा की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आदल्या दिवशी याच जागी संतवाङ्मयावर व्याख्यान व्हावे आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांच्या शी-शूबद्दल बोलावे, हे काहींना रुचणार नाही. परंतु ज्या आईला कामावर जाण्यासाठी दोन-अडीच वर्षांचे मूल दुसऱ्याच्या हवाली करावे लागते, तिला विचारून पाहा. खाण्यापिण्याची चौकशी ती उघडपणे करते. दुसरा प्रश्न मात्र निघता निघता, दाराशी थांबून, आवाज खाली करून विचारते. त्याच दुसऱ्या प्रश्नावर आज बोलायचे आहे.

आमच्या पाहण्यात अशा अनेक बालवाड्या आणि पाळणाघरे आली, की ज्यांच्या प्रवेशाच्या कागदावर एक अट ठळकपणे छापलेली असते : ‘मूल शी-शू सांगणारे असावे.’ अट वाचायला साधी वाटते. पण तिचा परिणाम काय होतो तो पाहा. प्रवेश जूनमध्ये, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी मोहीम सुरू होते. मुलाला दर अर्ध्या तासाने मोरीत उभे करायचे, चड्डी ओली झाली की चापट द्यायची, शेजारच्या मुलीचा दाखला द्यायचा. जून उजाडेपर्यंत मूल शिकलेले असते, पण काय? तर शी-शू ही रागावून घेण्याची गोष्ट आहे, तेव्हा ती लपून करावी किंवा दाबून धरावी. ही अट मुलांच्या वयाकडे पाहून घातलेली नसते, सांभाळणाऱ्यांच्या सोयीकडे पाहून घातलेली असते, हे उघड आहे.

मग मुलाचे वय काय म्हणते? तान्ह्या मुलाच्या शरीरात हा व्यवहार आपोआप चालतो. मूत्राशय भरले की ते आकुंचन पावते आणि वाट मोकळी होते. त्यात मुलाच्या इच्छेचा भाग नाही. वाट आवळून धरणारा स्नायू इच्छेने चालवता येण्यासाठी मेंदू, मज्जातंतू आणि स्नायू या तिघांची वाढ व्हावी लागते. ती साधारणपणे दीड वर्षानंतर दिसू लागते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दीड वर्षाच्या सुमारास, तेही मूल तयार दिसले तरच, आणि कसलीही सक्ती न करता सुरुवात केलेली ही मुले दिवसा कोरडी राहू लागली ती सरासरी २८ महिन्यांच्या पुढेमागे. सरासरी म्हणजे सर्वांची वेळ नव्हे, हे लक्षात असू द्यावे. रात्रीचे तंत्र तर आणखी निराळे आहे. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी पंधरा-एक मुले अजून अंथरूण ओले करतात, आणि त्यांतली बहुतेक आपोआप त्यातून बाहेर पडतात.

येथे एखादी आजी म्हणेल, ‘आम्ही तर मुलांना तिसऱ्या महिन्यापासून पायांवर बसवत होतो, आणि ती करतही होती!’ आजींचे खरे आहे. दोन पावलांची बैठक करून त्यावर मूल बसवायचे आणि तोंडाने ‘शूऽऽ’ असा आवाज काढायचा, ही आपली जुनी आणि चांगली रीत आहे. पण त्यात शिकलेली असते ती आजी. मुलाचा चेहरा, त्याचे चुळबुळणे, दूध पिऊन झालेला वेळ हे सारे तिला पाठ असते. एका आजीला एक नातू असतो म्हणून हे जमते. पंचवीस मुलांच्या एका बाईंकडून ती अपेक्षा करता येत नाही.

मूल शिकते ते तीन पायऱ्यांनी. आधी ते झाल्यावर सांगते, मग होताना सांगते आणि शेवटी होण्याआधी सांगते. आपण पहिल्या पायरीवरच त्याला हाणून पाडतो. ‘झाल्यावर सांगतोस होय रे?’ म्हणून त्याच्यावर डोळे वटारतो. वस्तुतः ज्या दिवशी मूल ओली चड्डी धरून आपणहून पुढे आले, त्या दिवशी त्याने अर्धे काम केले. आपल्या शरीरात काही घडले हे त्याला कळले, आणि ते सांगण्याइतका आपल्यावर त्याचा विश्वास बसला. तो विश्वास त्याच वेळी मोडला, तर पुढच्या दोन पायऱ्या महिनोन्‌महिने लांबतात.

दुसरा नियम वेळेचा. ‘मधल्या सुट्टीतच जायचे,’ आणि एरवी जायचे तर करंगळी वर करून परवानगी मागायची. मोठ्या शाळेत ही शिस्त कदाचित चालेल. चार वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात जेमतेम फुलपात्रभर लघवी मावते. शिवाय त्याला जाणीव होते ती अगदी अखेरच्या क्षणी, कारण तोवर ते खेळात गुंग असते. करंगळी वर होणे, बाईंचे लक्ष जाणे, मान हलणे, चड्डीची नाडी सुटणे या चारांत एकाला जरी उशीर झाला, तरी फरशी ओली होते आणि दोष मुलावर येतो. (नाडीच्या चड्ड्या या वयात घालूच नयेत. इलास्टिकची सैल चड्डी घालावी, मग निम्मी भांडणे मिटतात.)

शी दाबून धरण्याचे फळ याहून वाईट असते. दाबलेली शी आतड्यात राहते, तिच्यातले पाणी शोषले जाते, ती कठीण होते. मग करताना दुखते, आणि दुखते म्हणून मूल आणखी दाबते. असे काही आठवडे चालले की कठीण गोळ्याच्या कडेने पातळ शी नकळत झिरपू लागते, चड्डीला डाग पडतात. घरी आणि बालवाडीत दोन्हीकडे समजूत होते, की हा मुद्दाम करतो. मार बसतो. अशा मुलाला मारापेक्षा डॉक्टरांची, भरपूर पाण्याची, भाजी-फळांची आणि न घाबरता बसता येईल अशा जागेची गरज असते.

जागेवरून आठवले. एका गावातील बालवाडीत आम्ही काही दिवस जात होतो. साडेतीन वर्षांचा एक मुलगा तेथे सकाळभर पायावर पाय आवळून बसे. गाणी म्हणे, पण उठत नसे. बाई म्हणत, ‘हट्टी आहे, घरीच करतो.’ एके दिवशी आम्ही त्याचे बोट धरून संडासापर्यंत गेलो, आणि मग दारातून आम्हालाच आत जावेसे वाटेना. आत दिवा नव्हता. पाय ठेवायच्या जागा प्रौढ माणसाच्या मापाच्या. त्या मुलाने दोन्हींवर पाय ठेवले असते तर तो मधल्या खड्ड्यातच पडला असता. बाहेरून जो हट्ट दिसत होता तो आतून जीव वाचवण्याचा विचार होता! बाईंना दोष देण्यात अर्थ नव्हता. जागा भाड्याची, संडास घरमालकाचा. पुढे तेथे दोन विटा जवळ जवळ बसवल्या, दाराची वरची अर्धी फळी काढून टाकली, एक दिवा लावला. तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. आठवड्याभरात तो तिथून हाका मारून गप्पा मारू लागला, तेव्हा त्याला आटोपते घ्यायला सांगावे लागले.

नियम आणि शिकवण यांतला फरक मारिया माँटेसरीबाईंनी फार सुंदर सांगितला आहे. १९०७ साली रोम शहरातल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे एके दिवशी त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरावे याचा पाठ दिला. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता नाक कसे साफ करायचे, हे त्यांनी थोड्या गमतीने करून दाखवले. मुले हसली नाहीत, एकाग्र होऊन पाहत राहिली आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना आश्चर्य वाटले; मग उमगले, की नाकावरून या मुलांना जन्मभर बोलणी बसली होती, पण नाक शिंकरायचे कसे हे त्यांना कोणी दाखवलेच नव्हते. आपल्याकडे ‘शेंबडा’ हे नाव ठेवायला दहा माणसे तयार असतात, रुमाल धरून दाखवायला एक मिळत नाही.

याच माँटेसरी विचाराला ताराबाई मोडक यांनी आपल्या मातीचे रूप दिले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या आणि पुढे दोघींचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी महागडी साधने बाजूला ठेवून गावात मिळणाऱ्या वस्तूंवर त्यांनी बालशिक्षण उभे केले. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी, या कल्पनेतून अंगणवाडी जन्मली. आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा हेच नाव देशभर गेले. अंगणात वर्ग भरवायचा तर हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे हा शिक्षणाचाच भाग होतो, शिक्षणापूर्वीची अट राहत नाही.

आता हात धुण्याविषयी. साबण जंतूंना मारतो म्हणून उपयोगी, अशी समजूत आहे. साबणाचे मुख्य काम हातावरचा तेलकट थर सोडवून त्याबरोबर जंतू वाहून नेण्याचे आहे, म्हणून चोळणे महत्त्वाचे. वीस सेकंद, म्हणजे एखादे लहानसे बडबडगीत दोनदा म्हणून होईपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांत चोळावे. कराचीतील वस्त्यांत झालेली एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. ज्या घरांना साबण आणि तो वापरण्याची शिकवण मिळाली, त्यांतील पंधरा वर्षांखालील मुलांचे जुलाब निम्म्याहून कमी झाले आणि पाच वर्षांखालील मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला. महागड्या जंतुनाशक साबणाने साध्या साबणापेक्षा अधिक काही साधले नाही, हेही तेथे दिसले.

परंतु साबण आणून काम भागत नाही. पुष्कळ ठिकाणी एक बादली भरून ठेवतात आणि पंचवीस मुले तिच्यात हात बुडवतात. पहिल्याच्या हातावरचे सर्वांना मिळते. बादलीऐवजी तोटीचे पिंप तिवईवर ठेवावे, किंवा एकाने तांब्याने पाणी घालावे. पुसायला एकच पंचा असला की डोळे आणि खरूज वर्गभर फिरते. प्रत्येकाचा लहान फडका निराळ्या खिळ्यावर, आणि खिळ्याशी पोपट, आंबा, छत्री असे चित्र. अक्षर न येणारे मूलही आपला पोपट विसरत नाही.

आणि सर्वांत आधी धुवायचे ते मोठ्यांचे हात. ‘लेकराच्या शीची कसली घाण!’ असे आपण मायेने म्हणतो. ती माया खरी, पण जुलाब, कावीळ, जंत यांची बीजे मुलांच्या शीतही तशीच असतात. मूल धुवून झाल्यावर त्याच हातांनी खिचडी वाढली जाऊ नये. शक्य तर ही दोन कामे दोघींकडे असावीत. डायपर असेल तर त्यातली शी संडासात टाकून मगच तो गुंडाळावा, आणि बदलण्याची जागा स्वयंपाकापासून दूर असावी. मुलींना पुढून मागे धुवायचे, मागून पुढे नव्हे, हे प्रत्येकीला करून दाखवावे, कारण उलट धुण्याने लघवीच्या जागेला जंतू लागतात. मुलाला कोण नेते हे ठरलेले असावे, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाने ते काम करू नये, आणि नेणारी व्यक्ती इतरांच्या नजरेच्या टप्प्यात असावी. यात कोणावर संशय नाही, मुलाची राखण आहे.

फरशी ओली झाली की पुसायची कोणी? हा प्रश्न लहान नाही. बहुतेक ठिकाणी बाई गाणे म्हणत राहतात आणि मदतनीस बाईंना हाक जाते. तीन वर्षांच्या मुलाला बाराखडी येत नसते, पण काही कामे काही माणसांचीच असतात हा धडा ते येथे बिनचूक गिरवते. आपल्या समाजात या धड्याची मुळे फार खोल आहेत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैलासफाईचे काम मागितले, तर ते उच्चवर्णीय म्हणून त्यांना ते नाकारण्यात आले. त्यासाठी त्यांना अन्नत्याग करावा लागला आणि येरवड्यात गांधीजींनीही उपवास केला. बालवाडीत इतके कोणाला करावे लागणार नाही. पाळी लावावी, आणि त्या पाळीत मुख्य बाईंचे नाव पहिले असावे. मूल स्वतः फडके आणत असेल तर आणू द्यावे, शिक्षा म्हणून मात्र त्याच्याकडून पुसून घेऊ नये.

हे सर्व करायला पैसा लागतो, आणि गावात तो आहे. आमच्या गावातल्या दात्यांनी बालवाडीला घसरगुंडी दिली, पंखे दिले, भिंतीवर संगमरवरी पाट्या लागल्या. संडास बांधून देणारा दाता आम्हाला अजून भेटला नाही. तेथे पाटी कोठे लावायची, ही अडचण असावी.

त्या प्रवेशाच्या कागदाचे शेवटी काय झाले ते सांगतो. वर सांगितलेल्या बालवाडीत बांधकामावरच्या एका कुटुंबाची मुलगी येऊ लागली. ती दोन दिवस बाईंचा पदर ओढून एकच शब्द म्हणे, आणि थोड्या वेळाने तिचा परकर ओला होई. तिसऱ्या दिवशी तिच्या आईला विचारले, तेव्हा कळले, की मुलगी अगदी वेळेवर सांगत होती. तिच्या घरचा शब्द येथे कोणाला ठाऊक नव्हता. त्या वर्षी बाईंनी कागदावरची अट खोडली आणि तिच्या जागी विचारले : ‘शी-शूला तुमचे मूल घरी काय म्हणते?’ पालकांनी लिहिलेली उत्तरे त्यांनी एका पुठ्ठ्यावर उतरवून मोरीच्या दाराशी टांगली. आम्ही मोजले तेव्हा त्यावर अकरा शब्द होते.