'नेवासकर' या आडनांवाचा उगम व आजचा प्रसार

अहमदनगर जिल्ह्यांत (२०२४ पासून शासकीय नांव अहिल्यानगर) प्रवरेच्या कांठीं नेवासें हें तालुक्याचें गांव आहे. त्यावरून पडलेलें 'नेवासकर' हें आडनांव महाराष्ट्रांत विरळ आहे. जोशी, कुलकर्णी, देशपांडे यांच्याप्रमाणें तें पदोपदीं भेटत नाहीं. तथापि इतिहासाच्या अभ्यासकांस तें परिचित आहे, आणि त्या परिचयाचें कारण म्हणजे शिवभारतकार कवींद्र परमानंद गोविंद नेवासकर. या एका थोर नांवाच्या प्रभेनें आडनांवाभोंवतीं एक समजूत मात्र उगाच वाढली आहे. एखाद्या पोथीच्या अखेरीस किंवा दफ्तरांतील यादींत 'नेवासकर' हीं अक्षरें दिसलीं, कीं ती पोथी वा तो कागद कवींद्राच्या घराण्याचा, असें संग्राहक मनाशीं ठरवून टाकतो. प्रस्तुत लेखकाच्या मतें हें आडनांव कुळाचें द्योतक नसून सोडलेल्या गांवाचें द्योतक आहे. म्हणून वंश ठरविण्याच्या कामीं त्याची साक्ष फार जपून घ्यावी लागते. तें कसें, हें पाहूं.

प्रथम गांवाच्या नांवाचा विचार. नेवाशाचें संस्कृत रूप निधिनिवास, संक्षेपानें निधिवास, असें पंडितपरंपरेंत चालत आलें आहे. कुबेराचे निधि येथें राहिले अशी स्थलकथा त्यामागें आहे. भाषेच्या नियमांनीं पाहतां निधि या शब्दाचें प्राकृत रूप णिहि होतें. त्यामुळें निधिवास, णिहिवास, नेवास अशी उतरंड लावतां येते. तथापि इ-इ या दोन स्वरांच्या संकोचानें ई यावयास हवी होती. ए कां आला, याचें समाधान या उपपत्तींत होत नाहीं. केवळ 'निवास' या शब्दापासून लोकोच्चारांत 'नेवास' झालें व विद्वानांनीं मागाहून त्याला निधीची जोड दिली, असें मानण्याकडे माझा कल आहे. बिल्वाचा बेल होतो, तसा इकाराचा एकार मराठीस नवा नाहीं. आपल्याकडील कित्येक क्षेत्रांचीं संस्कृत नांवें अशींच उलट्या वाटेनें आलेलीं आहेत.

गांवाच्या प्राचीनतेविषयीं मात्र वाद नाहीं. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी येथें सिद्ध झाली. ग्रंथाच्या समाप्तींत ज्ञानदेवांनीं क्षेत्राची ओळख महालया या देवतेवरून व गोदावरीच्या तीरावरून करून दिली आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. गांव प्रत्यक्षांत प्रवरेवर असलें तरी पुण्यभूमीचा उल्लेख गोदेच्या नांवानें झाला. त्याच्याही मागें जावयाचें तर १९५४ ते १९५६ या काळांत डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. ह. धी. सांकळिया यांनीं येथें उत्खनन केलें, व येथील वस्ती ताम्रपाषाणयुगापर्यंत मागें नेऊन दाखविली. मध्य-पुराणाश्मयुगांतील एका हत्यारपरंपरेला तर या गांवावरूनच नांव पडलें. परंतु खापरांवर व गारगोट्यांवर आडनांवें नसतात. म्हणून त्या प्रदीर्घ काळाशीं आपणांस येथें कर्तव्य नाहीं.

आतां आडनांवाकडे वळूं. त्याचा काळ निश्चित सांगतां येईल असा भक्कम आधार शिवभारताच्या पुष्पिकेंत मिळतो. या ग्रंथाची पोथी स. म. दिवेकर यांना तंजावर येथें सांपडली व १९२७ मध्यें त्यांनीं तो मराठी भाषांतरासह पुण्यास प्रसिद्ध केला. एकतीस अध्याय व बत्तिसाव्याचे नऊ श्लोक एवढाच भाग उपलब्ध असून कथा इ. स. १६६१ च्या सुमारास थांबते. पुष्पिकेंत कवि स्वतःस 'निधिनिवासकर' म्हणवितो. या एका शब्दावर संस्कृतज्ञानें क्षणभर थांबावें.

शुद्ध संस्कृताच्या दृष्टीनें हा प्रयोग विलक्षण आहे. 'हें ज्याचें निवासस्थान' या अर्थी पाणिनीनें तद्धित प्रत्यय सांगितले आहेत. मथुरेचा तो माथुर, ही त्याची सर्वपरिचित तऱ्हा. त्या रीतीनें परमानंदास स्वतःस नैधिनिवास म्हणवितां आलें असतें. निधिनिवासवासी असा सरळ समासही चालला असता. उलट 'निधिनिवासकर' हा शब्द मराठी न जाणणाऱ्या काशीच्या किंवा काञ्चीच्या पंडितापुढें ठेवला, तर तो त्याची फोड दिनकर, प्रभाकर यांच्या धर्तीवर करील, आणि 'निधींचा निवास करविणारा' असा भलताच अर्थ काढील. महाभारताच्या ढंगानें सहस्रावधि श्लोक रचण्याची उमेद बाळगणाऱ्या कवीला व्याकरण येत नव्हतें असें कोण म्हणेल? तेव्हां खुलासा एकच उरतो. 'नेवासकर' हें त्याचें मराठी नांव त्या वेळीं इतकें रुळलेलें होतें, कीं त्यानें गांवाचा भाग तेवढा संस्कृत केला व 'कर' हा मराठी प्रत्यय जसाचा तसा राहूं दिला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें नांव बोलण्यांतील वर्णन न राहतां ठाम ओळख झालें होतें, याला याहून चांगला पुरावा कोणता पाहिजे?

ही ओळख त्याला कोठें लागली, हेंही अनुमानानें सांगतां येतें. नेवाशांत राहणाऱ्याला नेवासकर म्हणून भागत नाहीं. तेथें सगळेच नेवासकर. गांवाचें नांव माणसाला चिकटतें तें तो वेस ओलांडून गेल्यावर. शिवभारतांत कवि काशीस गेलेला आहे व तेथील पंडितांच्या विनंतीवरून कथा सांगतो, अशी योजना आहे. नाना देशींच्या ब्राह्मणांच्या मेळ्यांत 'हा कोठला?' हाच पहिला प्रश्न. पुढें १६६६ च्या आग्रा-प्रकरणाच्या राजस्थानी पत्रांत त्याचा कवि म्हणून निर्देश येतो. त्याची समाधि कोंकणांत पोलादपूर येथें दाखवितात. आणि ग्रंथाची पोथी निघते ती तंजावरास. नेवासकर हें नांव असें नेवाशाच्या बाहेरच्या वाटांवर घडलें व वाढलें.

या ठिकाणीं जिल्ह्यांतीलच दुसरें उदाहरण पुढें ठेवावेसें वाटतें. भक्तिविजयाचे कर्ते महिपति (१७१५–१७९०) राहुरी तालुक्यांतील ताहराबादचे. वाङ्मयांत ते ताहराबादकर, वृत्तीनें गांवचे कुलकर्णी, आणि घराण्याचें आडनांव पाहिलें तर कांबळे. एकाच पुरुषाला तीन नांवें लागूं शकतात, व तीं तिन्ही वेगवेगळ्या कागदांत सर्वथा खरीं असतात. महिपतींच्या बाबतींत तिन्ही ठाऊक असल्यानें घोटाळा होत नाहीं. परमानंदाची पुष्पिका गांव व पित्याचें गोविंद हें नांव सांगून थांबते. तेवढ्यावरून, नेवासें सोडून गेलेल्या दुसऱ्या कोणा जोशी-कुलकर्ण्याच्या वंशजांस कवींद्राचे वंशज ठरविणें म्हणजे एकाच बंदरावरून निघालेलीं सर्व तारवें एका धन्याचीं मानण्यासारखें आहे.

हें आडनांव इतकें विरळ कां राहिलें? देशावरील नामपद्धति याला कारण आहे. कोंकणांत व गोमंतकांत गांवावरून आडनांव घेण्याची चाल सर्वत्र रूढ. घाटावर मात्र ब्राह्मणांत वृत्तीवरून व मराठ्यांत कुळावरून नांव चालतें. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे हीं वतनाचीं नांवें तर वतनाचा हक्कच सांगतात. ज्याला वतन आहे तो तें नांव सोडून गांवाचें नांव कशाला लावील? शिवाय जो चाकरीसाठीं बाहेर पडला, त्यास तेथील हुद्द्यावरून फडणीस, चिटणीस, पोतनीस अशीं नवीं नांवें मिळत. म्हणजे गांव सोडलेलें, जुनें वतन हातीं नसलेलें किंवा भाऊबंदांकडे राहिलेलें, आणि नवा हुद्दा नांवास चिकटलेला नाहीं, अशाच घराला 'नेवासकर' होण्याची संधि. अशीं घरें थोडीं असणार हें उघड आहे. मात्र तीं सर्व एका कुळाचीं किंवा एका ज्ञातीचीं असण्याचेंही कारण नाहीं.

नेवाशाचा दैवतसंबंध हा आणखी एक फसवा धागा. मोहिनीराजाचें क्षेत्र म्हणून गांव प्रसिद्ध. सध्याचें मंदिर होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीं बांधलें. खंडोबाची म्हाळसा ही नेवाशाच्या तिमशेट वाण्याची कन्या, असें लोक सांगतात. गोमंतकांतील म्हाळसेचा मूळ संबंधही नेवाशाशीं जोडतात. यामुळें ज्यांचें कुलदैवत नेवाशास आहे अशीं घराणीं दूरदूर पसरलीं आहेत. त्यांच्या कुळाचाराच्या बाडांत नेवाशाचा उल्लेख येणें स्वाभाविक आहे. तेवढ्यानें तीं घराणीं नेवासकर होत नाहींत.

रूपभेदांचाही विचार केला पाहिजे. आकारान्त ग्रामनामाचा शेवटचा स्वर 'कर'पूर्वी लोपतो: सातारा, सातारकर. एकारान्त नामांत बहुधा टिकतो: पुणें, पुणेकर. नेवासा व नेवासें हीं दोन्ही रूपें प्रचारांत असल्यामुळें 'नेवासकर' व 'नेवासेकर' अशीं दोन्ही आडनांवें व्याकरणास धरून होतात. मोडी कागदांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, मात्रा-वेलांट्याही घाईच्या हातीं गळतात. तेव्हां 'निवासकर' असें वाचलें गेल्यास तें वेगळें घराणें समजूं नये. नेवाळकर मात्र सर्वस्वी निराळे: झांशीच्या राजघराण्याचें हें आडनांव, व त्यांचें मूळ रत्नागिरीकडचें. रोमन लिपींत या दोहोंत एकाच अक्षराचें अंतर राहतें, आणि इंग्रजी सूचींवर भिस्त ठेवणाऱ्यास तें सहज चुकवितें. 'नेवसे' हें तिसरें. सावित्रीबाई फुले (जन्म ३ जानेवारी १८३१) या सातारा जिल्ह्यांतील नायगांवच्या खंडोजी नेवसे पाटील यांच्या कन्या. ध्वनीचें साम्य पाहून नेवसे हें नेवाशाशीं जोडण्याचा मोह होतो, पण केवळ साम्य हा पुरावा नव्हे. एक गोष्ट मात्र नेवासकरांस अनुकूल आहे. 'अकोलकर' म्हटलें तर नगर जिल्ह्यांतील अकोलें कीं वऱ्हाडांतील अकोला, असा प्रश्न पडतो. 'नगरकर' म्हटलें तर कोणतें नगर, हें विचारावें लागतें. 'नेवासकर' या नांवामागें खुर्द व बुद्रुक मिळून हें एकच प्रख्यात नेवासें उभें आहे.

आजची संख्या पाहूं गेल्यास, भारताच्या जनगणनेंत आडनांववार मोजदाद होत नाहीं. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या अहमदनगर गॅझेटियरांत ज्ञातींच्या वर्णनांत आडनांवें दिलीं आहेत, पण घरांची गणना नाहीं. तेव्हां प्रसाराची दिशा तेवढी पाहावी. हें आडनांव आज नेवाशापेक्षां बाहेरच अधिक आढळतें. जिल्ह्यांतील शाळांच्या हजेरीपटांवर जन्म घालविलेल्या माणसास याचें नवल वाटत नाहीं. कुलकर्णी एका वर्गांत चार-चार असत, नेवासकर वर्षानुवर्षें येत नसे. उत्तरेकडे नर्मदेपलीकडेही तें पोंचलें आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आरंभींच्या दशकांतील निवाड्यांत न्यायमूर्ति नेवासकर हें नांव वारंवार येतें. होळकर-शिंद्यांच्या आश्रयानें दक्षिणी घराणीं माळव्यांत वसलीं, आणि या जिल्ह्याचा तर तिकडे विशेष संबंध: अहिल्याबाईंचें जन्मग्राम चौंडी जामखेड तालुक्यांतलें, शिंद्यांचें ठाणें श्रीगोंदें. त्या ओघांत नेवासकरही गेले असावेत.

प्रत्यक्ष मोजणी करावयाची असल्यास निवडणुकीच्या मतदारयाद्या हें सर्वांत जवळचें साधन आहे. त्या लिपिवार पाहाव्या, व नेवासकर, नेवासेकर, निवासकर हीं रूपें एकत्र न मिसळतां वेगळीं मांडावीं. रोमन लिपीवरून पुन्हां देवनागरींत आणलेल्या याद्यांत आरंभींचीं अक्षरें 'न्यू' अशीं वाचलीं जाण्याचाही संभव आहे.

पोथ्यांच्या संग्राहकांस मात्र दुसरीच गोष्ट सुचवावयाची आहे. १९५२ मध्यें गो. स. सरदेसाई यांनीं बडोद्याहून प्रसिद्ध केलेल्या परमानंदकाव्यावरून कवींद्राचा पुत्र देवदत्त व नातू गोविंद यांचीही ओळख पटते. म्हणजे पित्याचें नांव गोविंद आणि नातवाचेंही गोविंद. एखाद्या पानावर नुसतें 'गोविंद नेवासकर' आढळल्यास तो कवींद्राचा पिता, नातू, कीं त्या घराण्याशीं संबंध नसलेला तिसराच कोणी, हें कागदाचा काळ, हस्ताक्षर व गोत्र पाहूनच ठरवावें. गोत्राचा शोध घेण्यास नाशिक, त्र्यंबकेश्वर व काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतील. तेथें यात्रेकरूंनीं आपलें गांव, आडनांव व पिढ्या स्वहस्तें लिहून ठेविलेल्या असतात. मात्र त्या वह्यांत 'नेवासकर' या नांवाखालीं शोधून थांबूं नये. गांव सोडण्यापूर्वी येऊन गेलेला पूर्वज तेथें नेवासें या गांवाखालीं, जोशी किंवा कुलकर्णी म्हणून नोंदलेला असेल.