गोड बोलणाऱ्याचा मशवरा

अरबी ‘कलीला व दिम्ना’तला सिंह कोल्ह्याचे ऐकून आपल्या इमानी बैलाला मारतो, ही गोष्ट आपल्या घरांत अनेकांनी ऐकली असेल. तशीच एक कथा आपल्या विदर्भाचीही आहे.

दंडीच्या ‘दशकुमारचरित’ या संस्कृत ग्रंथात विदर्भाचा राजा अनंतवर्मा येतो. हुशार, पण राज्यकारभारात लक्ष नाही. वसुरक्षित हा वृद्ध मंत्री त्याची कानउघाडणी करतो. राजाला ती पटतेही. पण विहारभद्र हा खुशमस्कऱ्या त्या उपदेशाची टिंगल करतो आणि राजा पुन्हा मौजेत रमतो. मंत्री गप्प होतो. मग शेजारच्या अश्मक देशाच्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित बापाने हाकलल्याचे सोंग घेऊन दरबारात शिरतो. शिकार, जुगार, दारू यांचे फायदे तो राजाला समजावतो. राज्य आतून पोखरते; शेवटी राजा जिवानिशी जातो. वा. वि. मिराशींना या कथेत वाकाटकांच्या अखेरीचे पडसाद दिसले.

घुग्घुसमध्ये आज राजा नाही. पण घर, दुकान, मशिदीची कमिटी चालवणारा प्रत्येकजण कुणाचा तरी मशवरा घेतोच. आपल्याला टोकणारे माणूस घरात गप्प झाले असेल, तर त्याला आजच बोलते करा.