जिओजेब्रा: जेवणानंतरची भूमिती

पोरांच्या हातून मोबाइल सुटत नाही ना? मग त्यात जिओजेब्रा टाकून द्या! मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात हे सॉफ्टवेअर सुरू केलं. घरगुती वापरासाठी फुकट, ब्राउझरमध्येही चालतं.

आज जेवणं झाली की एक करून बघा. कसाही वेडावाकडा चौकोन काढा, चारही बाजूंचे मध्यबिंदू घ्या, क्रमाने जोडा. आत समांतरभुज चौकोन! आता बाहेरचा कुठलाही कोपरा बोटाने ओढा, ताणा, पार आत ढकला. आतला समांतरभुजच राहतो. हे व्हारिन्याँचं प्रमेय. कारण हवंय? बाहेरच्या चौकोनाचा एक कर्ण काढा. दोन त्रिकोण झाले. शाळेतलं मध्यबिंदूचं प्रमेय दोन्हींना लावा: आतल्या समोरासमोरच्या दोन बाजू त्या कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्म्या.

फक्त एक पथ्य पाळा. कोपरा ओढण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज वदवून घ्या, आजीकडूनसुद्धा. नुसतं बघत बसायचं तर यूट्यूब आहेच की!

मग दोन्ही चौकोनांचं क्षेत्रफळ मोजा. आतलं बरोबर निम्मं येतं. का, ते पोरांनाच शोधू द्या.