दिवाणखान्यातला समुद्र आणि मालवणचे प्रवाळ

आंबोली : घाटमाथ्यावरील आंबोलीत पावसाचे पाणी मुबलक, प्रवाळांना मात्र खारेच पाणी लागते. घरी मोठे सागरी मत्स्यालय उभारू पाहणाऱ्यांनी आधी वजनाचा हिशेब मांडावा. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे ४५० लिटर पाणी मावते. काच व खडक धरता भार अर्ध्या टनावर जातो. हौसेला मोल नसते हे खरे, पण स्लॅबला मर्यादा असते.

पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार हवेत, तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास. वाफेबरोबर मीठ उडून जात नाही. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरून काढावी लागते. खरी कसोटी संयमाची. माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणारा विषारी अमोनिया जीवाणू आधी नायट्राइटमध्ये, मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलतात. या जीवाणूंची वसाहत रुजण्यास साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकी ओकीबोकी दिसते आणि नेमकी तेव्हाच घाई होऊन मासे दगावतात.

राहता राहिला प्रवाळांचा प्रश्न. मालवणचा समुद्र आंबोलीहून काही तासांवर आहे; तरी तेथील एक तुकडाही उचलता येणार नाही. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, तर २००१ पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. घरच्या टाकीत कृत्रिम खडक रचावेत आणि बंदिस्त पैदाशीतील क्लाउनफिश सोडावेत.