उडण्याआधी लटकून पाहा

2018 साली स्वित्झर्लंडमध्ये एक पर्यटक पहिल्यांदाच हँग ग्लायडरवर उडाला. अंगात हार्नेस होता, पण चालक तो पंखाला अडकवायलाच विसरला! दोन मिनिटांहून जास्त वेळ तो हातांनी लोंबकळत राहिला. मनगट मोडले, जीव वाचला. ती चित्रफीत आम्ही श्वास रोखून पाहिली.

अशी विसर अनुभवी चालकांनाही पडते. म्हणून उड्डाणापूर्वी सोबत्याने पंख धरायचा आणि हार्नेसमध्ये आडवे लटकून पाहायचे. धावण्याच्या अगदी आधी पंख उचलून पट्टा ताणला जातो का, तेही बघायचे. मध्येच हार्नेस सोडला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. हेल्मेट, राखीव पॅराशूट, उतरताना सांभाळणारी दांड्याची चाके हवीतच.

सहलीत मुले "अब्बू, एकदाच!" म्हणून हट्ट धरतील. चालकाला आधी विचारा, लटकून कधी पाहणार? तो हसण्यावारी नेऊ लागला, तर आम्ही तरी पैसे परत मागू.