स्त्रियांचे ‘इंटरमिटंट फास्टिंग’ आणि लंघनाची मात्रा

एका घरातील दोन जावा माझ्या रुग्णा आहेत. थोरली ३८ वर्षांची, कफप्रधान, स्थूल. पाळी दोन-दोन महिने लांबणारी, सोनोग्राफीत पीसीओडीचे निदान झालेले. तिला सायंकाळी सातच्या आत भोजन व दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत केवळ सुंठीचे कोष्ण जल, असा क्रम दिला. सोबत अनशापोटी मेदोहर गुग्गुळ. तीन महिन्यांत अंगाचे जडत्व गेले, भूक वेळेवर लागू लागली आणि पाळी पस्तीस दिवसांवर आली.

धाकटी २९ वर्षांची, वातपित्तप्रधान. जाऊबाईंना आलेला गुण पाहून तिनेही तोच क्रम धरला. रिकामी डबी दाखवून दुकानातून त्याच गोळ्या आणल्या. कोणी काही विचारले नाही. पहाटे पाचला उठून डबे, रिकाम्या पोटी दोनदा चहा, नंतर नोकरी, आणि भरीस मार्गशीर्षातील गुरुवार. पाच महिन्यांनी ती आली तेव्हा केस गळत होते, निद्रा नव्हती, सांधे दुखत होते आणि तीन महिने रजोदर्शन झाले नव्हते. “आता भूकच लागत नाही,” हे तिने मात्र अभिमानाने सांगितले. थोरलीला कागद लिहून देताना ‘हे तुमच्यापुरतेच’ एवढे दोन शब्द मी बोललो नव्हतो, हे येथे नमूद करणे भाग आहे.

चरकाचार्यांनी लंघनबृंहणीय अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगताना वमन-विरेचनांच्याच पंक्तीत उपवासाची गणना केली आहे. म्हणजे उपवास हे औषध आहे. त्याला मात्रा आहे, काल आहे, पात्र आहे. सम्यक् लंघनाच्या लक्षणांत भूक व तहान एकाच वेळी उत्पन्न होणे येते, तर क्षुधानाश हे अतिलंघनाचे लक्षण आहे. रुग्णा ज्याला यश समजते, ती वस्तुतः धोक्याची सूचना असते. वाग्भटाचार्यांनी तर गर्भिणी, सूतिका, दुर्बल व वातल यांना बृंहणास योग्य मानले आहे. (साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेली एकादशी लंघनात मोडत नाही, हे वाचकांस सांगणे नलगे.)

रज हा रसाचा उपधातू. आहाररसच अपुरा पडल्यास प्रथम झळ आर्तवास लागणार. आधुनिक संशोधनही येथे आपल्याजवळ येते. निरोगी तरुण स्त्रियांमध्ये आहारातून उरणारी ऊर्जा मेदविरहित शरीरभाराच्या दर किलोस सुमारे ३० कॅलरींच्या खाली गेली, तर पाच दिवसांतच एलएच या संप्रेरकाच्या स्पंदांत बिघाड होतो, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. उलटपक्षी, २०२१ च्या चिनी अभ्यासात आठ तासांच्या भोजनकालाने पीसीओएसच्या १५ पैकी ११ स्त्रियांची अनियमित पाळी सुधारली. मात्र संख्या अल्प होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०२२ मध्ये १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या चाचणीत, कॅलरी सारख्याच कमी केल्यावर, भोजनाचे तास बांधल्याने वजनात लक्षणीय अधिक घट झाली नाही. अर्थात लाभ आहे, पण तो घड्याळाचा नव्हे. संतर्पणजन्य व्याधीत संतर्पण थांबल्याचा आहे. थोरलीला संतर्पण होते, धाकटीला नव्हते.

पाळी लांबली की रजःप्रवर्तिनी वटी लिहिण्याचा आपला हात सरावलेला असतो. अशा रुग्णेत प्रथम गर्भधारणा नाही याची खात्री करावी. नंतर आहार विचारावा. रसक्षयाने रोधलेल्या आर्तवावर टंकण-कासीस-हिंगाचा मारा करणे म्हणजे रिकाम्या विहिरीवर मोट चालविणे होय.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक मुद्दा स्वतंत्रपणे मांडतो. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या ६४व्या अध्यायात औषधकाल सांगताना अन्नरहित घेतलेले औषध वीर्यवान ठरते असे म्हटले, पण बाल, वृद्ध, स्त्री व सुकुमार यांना त्याने ग्लानी व बलक्षय होतो, असेही तेथेच बजावले. सोळा तास उपाशी राहणाऱ्या स्त्रीने सकाळी घेतलेली प्रत्येक गोळी अभक्तकालातीलच होते, मग डबीवर काहीही छापलेले असो. उष्ण-तीक्ष्ण गुग्गुळकल्प अशा वेळी अम्लपित्त वाढवितात. म्हणून मेदोहर कल्प पुन्हा मागणाऱ्या स्त्रीस पहिला घास किती वाजता घेता, पाळी केव्हा आली आणि मधुमेहाचे औषध चालू आहे काय, एवढे विचारावे. इन्सुलिन वा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्या रुग्णेने उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीवाचून भोजनकाल बदलल्यास रक्तशर्करा धोकादायक रीतीने उतरू शकते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्ताल्पतेने ग्रस्त आहेत, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिसले; तेव्हा दुकानात येणारी दर दुसरी स्त्री लंघनास पात्र नसण्याचाच संभव आहे.

धाकटीची गर्भचाचणी नकारार्थी आली. थायरॉइड व प्रोलॅक्टिन प्राकृत होते. गुग्गुळ बंद केला. सकाळी आठच्या आत तूप घातलेली पेज, दुपारी पूर्ण भोजन, शतावरीसिद्ध दूध आणि गुरुवारी एकवेळ नव्हे तर दोन्ही वेळ जेवण, यावर बरीच घासाघीस झाली. सासूबाईंनीच अखेर संमती दिली. भूक तिसऱ्या आठवड्यात परतली, पाळी पाचव्या महिन्यात. वजन दोन किलो वाढले आहे, आणि त्याबद्दल ती अजूनही माझ्यावर थोडी नाराज आहे.