पावसात थांबलेली पावलं

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघालात की वाटेत वैशाखरे लागतं. तिथून नाणेघाटाची जुनी वाट डोंगरात चढते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपारा बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला जायचा. वरच्या कातळात त्या काळी खोदलेली पाण्याची टाकी आजही आहेत. जुन्नरच्या आसपास दोनशेहून जास्त लेणी आहेत आणि त्यातली बरीचशी बौद्ध. म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर अंगावर चीवर आणि हातात भिक्षापात्र घेतलेले भिक्खूही हा घाट चढत-उतरत असणार.

पण आषाढ पौर्णिमा झाली की भिक्खूंची पावलं थांबायची. पुढचे तीन महिने एकाच जागी मुक्काम. त्याला म्हणतात वर्षावास.

का बरं? तुम्ही म्हणाल, सोप्पं आहे! पावसात घाट निसरडा होतो, ओढे फुगतात. खरंच आहे. पण विनयपिटक या जुन्या ग्रंथात वेगळंच कारण सांगितलंय. लोकांनी तक्रार केली, की हे भिक्खू पावसाळ्यातही हिंडतात आणि कोवळं गवत, बारीकसारीक जीव पायाखाली चिरडतात. पाखरंसुद्धा या दिवसांत घरटं करून राहतात! म्हणून बुद्धांनी थांबण्याचा नियम केला. मला हा नियम फार आवडतो. एवढ्याशा किड्यासाठी मोठ्या माणसांनी आपला प्रवास थांबवायचा!

असाच एक किडा बघायला आता शहापूरला चला, माहुली गडाच्या पायथ्याशी. जुलै महिना, सागाची जुनी पानं भिजून लगदा झालेली. एक पान हळूच उलटा. खाली काळपट-तांबूस वाणी किडा सापडेल. काही जण त्याला पैसा म्हणतात. बोट लागताच तो जिलबीसारखं वेटोळं करतो. दम धरा, पुन्हा हात लावू नका. थोड्या वेळाने तो उलगडतो आणि चालू लागतो. आता पाय बघा! शरीराच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या, आणि मागून पुढे सरकणाऱ्या लाटा. एकही पाय दुसऱ्यात अडकत नाही.

हा खातो काय? मेलेली पानं. आधी बुरशी पान मऊ करते, मग वाणी ते कुरतडतो. त्याच्या लेंड्यांवर जिवाणू तुटून पडतात. पानात अडकलेलं नत्र, कॅल्शियम, पोटॅश हळूहळू मातीत मोकळं होतं आणि नवी मुळं ते शोषून घेतात. म्हणजे गेल्या उन्हाळ्यात गळालेलं सागाचं पान पुढे एखाद्या नेच्यात नाहीतर कुड्याच्या झुडपात असेल. आपले शेतकरी पावसाआधी पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजतात, त्या राखेतलं पोटॅशही भाताच्या रोपांना मिळतं.

तुमच्या अंगातही असंच चाललंय, बरं का! रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. आषाढ पौर्णिमेला तयार झालेली पेशी कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास संपते. मोठ्या माणसाच्या अंगात दर सेकंदाला अशा वीस लाखांहून जास्त पेशी मोडीत निघतात. म्हणजे हे वाक्य वाचून होईपर्यंतही कितीतरी लाख! तुम्हाला काही दुखलं का? नाही ना? प्लीहा आणि यकृत त्या जुन्या पेशींतलं लोह काढून ठेवतात. हाडांच्या आतल्या मज्जेत तेच लोह वापरून नव्या पेशी बनतात.

पण आजी गेली की दुखतं. तेव्हा नव्या पेशींची गोष्ट ऐकून काय उपयोग? किसा गोतमी नावाच्या बाईचं लहानगं मूल गेलं, तेव्हा ते कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरली. बुद्ध म्हणाले, मूठभर मोहरी आण, पण ज्या घरात कधीच कुणी मेलं नाही अशा घरातून. मोहरी सगळ्यांकडे होती. पण एका दारी मुलगा गेलेला, दुसऱ्या दारी आई. संध्याकाळपर्यंत ती फिरली. दुःख संपलं नाही, पण ते आपल्या एकटीवर आलेलं नाही हे तिला कळलं. मग तिने बाळाला शेवटचा निरोप दिला. तुमच्या वाडीतल्या भिंतींवरचे हार घातलेले फोटो आठवा, म्हणजे तिला काय दिसलं असेल ते समजेल.

वर्षावास आजही पाळतात. गावोगावच्या विहारांत या तीन महिन्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. मेणबत्ती लावून सगळे वंदना म्हणतात, थोडा वेळ शांत बसतात. शहापूरहून कसारा घाट चढलात की इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचं केंद्र आहे, सत्यनारायण गोएंका यांनी सुरू केलेलं. मोठी माणसं तिथे दहा दिवस राहतात, त्यातले बहुतेक दिवस अजिबात न बोलता! मुलांसाठी त्यातला पहिला भाग आहे, आनापान. राज्यातल्या कितीतरी शाळांत तो ‘मित्र उपक्रम’ म्हणून शिकवलाय.

त्यात करायचं एवढंच : पाठ ताठ ठेवून बसायचं, डोळे मिटायचे आणि नाकाशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही. मन क्रिकेटकडे पळालं तर न रागावता परत आणायचं. पळणारच ते, सगळ्यांचंच पळतं.

बसलाच आहात तर मनगटावरची नाडी बोटांनी धरा. श्वास आत घेताना ठोके किंचित भरभर पडतात, बाहेर सोडताना सावकाश. मेंदूकडून हृदयाकडे जाणारा व्हेगस हा मज्जातंतू हृदयाला सतत ‘सावकाश’ असा निरोप देत असतो. श्वास आत घेताना तो निरोप थोडा क्षीण होतो, सोडताना पुन्हा जोर धरतो. मुलांमध्ये हा फरक मोठ्यांपेक्षा जास्त असतो, म्हणून तो तुम्हाला आजोबांपेक्षा लवकर सापडेल.

आणखी एक. आत्ता एकेक नाकपुडी बोटाने बंद करून बघा. दोन्हींतून हवा सारखी जाते का? बहुधा नाही. एक मोकळी असते, दुसरी जराशी दाटलेली, सर्दी नसतानाही. आतल्या मऊ अस्तरातल्या रक्तवाहिन्या आळीपाळीने फुगतात. काही तासांनी बाजू बदलते, आणि रोज हे होत असूनही आपल्याला पत्ता नसतो. तुमची आत्ता कोणती मोकळी आहे, डावी की उजवी? वहीत लिहून ठेवा आणि संध्याकाळी अभ्यासाला बसण्याआधी पुन्हा तपासा.